हिरव्या रंगाखालची तांबडी पेटी : डब्लिन-बेल्फास्टचे सहा दिवस

डब्लिनला राहणाऱ्या लेकीने जूनमध्ये व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. रस्त्याच्या नावाची पाटी, त्यावर ‘ऑस्कर ट्रेनॉर’ असं नाव. खाली तिने लिहिलं होतं, ‘बाबा, हा तुमचाच माणूस. आधी गोली होता, मग पोस्टात गेला.’

मी कोल्हापुरात पोस्टात छत्तीस वर्षं काढली. सुरुवात सॉर्टिंगला, शेवट काउंटरच्या मागे. तरुणपणी पेठेच्या फुटबॉल संघाचा गोली, म्हणजे गोलरक्षक होतो, पण दुसरा. पहिल्याचं बोट मोडलं की माझा नंबर लागायचा. त्यामुळे लेकीचा तो मेसेज जरा जिव्हारीच लागला. शोधायला बसलो तर ट्रेनॉर पोस्टात गेला म्हणजे थेट खात्याचा मंत्री झाला होता! जन्म १८८६, डब्लिन. कुमारवयात लाकडावर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी. १९१० ते १९१२ बेल्फास्ट सेल्टिक या फुटबॉल क्लबचा गोली. १९१६ मध्ये इंग्रज सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या ईस्टर उठावात बंदूक घेऊन उतरला. पुढे ब्रिटिशांविरुद्धच्या लढाईत डब्लिन ब्रिगेडचा प्रमुख. १९३६ ते १९३९ टपाल आणि तारखात्याचा मंत्री, नंतर संरक्षण आणि न्याय. आणि १९४८ पासून १९६३ मध्ये मरेपर्यंत आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष.

लेकीकडे जायचंच होतं. म्हटलं, नुसतं बागा आणि मॉल बघण्यापेक्षा या गोलीच्या मागावर जाऊ. ही म्हणाली, “तुम्ही जावा गोलीच्या मागं. मी कांदा-लसूण मसाला घेते.”

पहिला दिवस, मंगळवार

विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. सप्टेंबर २०१९ चा दुसरा आठवडा, दुपारी उतरलो तेव्हा ऊन, सामान घेऊन बाहेर येईपर्यंत पाऊस, टॅक्सीत बसल्यावर परत ऊन. जावई म्हणाले, “इथे छत्री घेत नाहीत बाबा, वाऱ्याने उलटी होते. टोपीचं जाकीट घ्या.” मी कोल्हापूरचा माणूस, पावसाचं मला काय सांगता, असं मनात म्हणालो. दोन दिवसांनी छत्रीच्या काड्या मोजत होतो.

संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडलो आणि लेकीच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच थांबलो. टपालपेटी. बिडाची, गोल, गडद हिरवी. जवळ जाऊन हात फिरवला तर हिरव्या रंगाच्या थराखाली उठावाची अक्षरं बोटाला लागली. वर मुकुट, खाली राणी व्हिक्टोरियाच्या नावाची आद्याक्षरं. १९२२ मध्ये सत्ता हातात आल्यावर आयरिश लोकांनी तांबड्या पेट्या वितळवल्या नाहीत, उपटल्या नाहीत. हिरवा रंग दिला आणि टपाल चालू ठेवलं. तिकिटांचंही तेच. नवी छापून होईपर्यंत इंग्लंडच्या राजाच्या तोंडावर काळ्या शाईत आयरिश सरकारचं नाव छापून तीच विकली.

मी तिथे दहा मिनिटं उभा होतो. ही म्हणाली, “अहो, लोक बघायला लागलेत. पेटीला मिठी मारू नका.”

दुसरा दिवस, बुधवार

आजचा सगळा दिवस एकाच रस्त्यावर गेला, ओकॉनेल स्ट्रीटवर.

डब्लिनचं जनरल पोस्ट ऑफिस १८१८ मध्ये उघडलं. समोर दगडी खांबांची ओळ, छपरावर तीन पुतळे. आपल्याकडे मुख्य पोस्टासमोर लोक भेटायची वेळ ठरवतात, इथे लोक देशाचा इतिहास तिथून मोजतात. २४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. सुट्टीचा दिवस, आत तिकिटं घ्यायला आलेली गिऱ्हाइकं, आणि नूतनीकरण होऊन काउंटर उघडल्याला जेमतेम महिना-दीड महिना. बंडवाले आत शिरले, लोकांना बाहेर काढलं आणि दारात प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. आठवडाभरात तोफांनी आणि आगीने इमारतीचा फक्त दर्शनी भाग उरला. टपाल परत सुरू व्हायला १९२९ उजाडलं. खांबांवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. बोट घालून बघायची सगळ्यांना हौस, त्यामुळे काही खड्डे चांगले गुळगुळीत झालेत.

आतलं संग्रहालय बघाच, दोन तास हाताशी ठेवा. मला आठवतं ते शेवटचं अंगण. त्या आठवड्यात मारल्या गेलेल्या चाळीस मुलांचं स्मारक तिथे आहे. दंगामस्ती करत आलेली एक शाळेची सहल तिथे आपोआप गप्प झाली.

मग मी माझ्या खऱ्या कामाला लागलो, म्हणजे काउंटरच्या रांगेत उभा राहिलो. हे पोस्ट अजून चालू आहे. लाकडी, पितळी काउंटर, उंच छत, मधोमध पुतळा, आणि रांगेत पेन्शनवाले. कुठल्याही देशात जा, पोस्टाच्या रांगेत पुढचा माणूस चिल्लर शोधत असतोच. दहा पोस्टकार्डं आणि परदेशाची तिकिटं घेतली. काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, मीही पोस्टातला, शिक्का जरा नीट मिळेल का? त्या पन्नाशीच्या असाव्यात. माझ्याकडे बघितलं, खणातून हातशिक्का काढला, आधी रद्दी कागदावर दोनदा मारून शाई हलकी केली आणि मग एकेका कार्डावर असा टेकवला की तारीख, वेळ, गावाचं नाव, सगळं स्वच्छ. शाई हलकी करून घेणं हे कुठल्या पुस्तकात नसतं. मी म्हटलं, “किती वर्षं?” म्हणाल्या, “एकतीस.” मी म्हटलं, “छत्तीस.” रांगेतला मागचा माणूस खाकरला, म्हणून तिथेच थांबलो.

नऊ कार्डं तिथल्या पेटीत टाकली. दहावं बापूसाठी ठेवलं. बापू म्हणजे आमच्या संघाचा पहिला गोली, ज्याचं बोट मोडायची मी वाट बघायचो. त्याला बेल्फास्टहून पाठवायचं, असं ठरवलं होतं.

पोस्टाला लागून एक बोळ, बोळाच्या पलीकडे पेनीज नावाचं कपड्यांचं मोठं दुकान. १९१६ मध्ये तिथे मेट्रोपोल हॉटेल होतं आणि त्यातल्या तुकडीचा म्होरक्या होता ट्रेनॉर. तो जन्मला जवळच्याच ॲबी स्ट्रीटवर, म्हणजे पोरगा आपल्याच गल्लीच्या तोंडाशी लढत होता. समोर क्लेरीजचं बडं दुकान जळत होतं, त्याच्या भल्यामोठ्या काचा आगीच्या धगीने वितळून गटारात वाहिल्या, असं त्याने पुढे आपल्या साक्षीत सांगितलंय. ती साक्ष इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते. इकडे येण्याआधी वाचून या, रस्ता वेगळाच दिसतो. मी गेलो तेव्हा क्लेरीज बंद होतं, फळ्या लावलेल्या. आणि मेट्रोपोलच्या जागी हिने जावयासाठी मोज्यांचे सहा जोड घेतले. स्वस्त आहेत, थंडीचे कपडे कोल्हापुरातून ओझं करून आणू नका.

त्याच रस्त्यावर वरच्या अंगाला दुसऱ्या बाजूला ‘हमाम बिल्डिंग्ज’ अशी अक्षरं दिसली. मला आधी वाटलं, आपल्या साबणाची जाहिरात. इथे हमाम हॉटेल होतं, तुर्की स्नानगृहासकट. १९२२ मध्ये इंग्लंडशी केलेल्या तहावरून आयरिश आपसात लढले, तेव्हा तह न मानणाऱ्यांच्या बाजूने ट्रेनॉरने या हॉटेलात ठाण मांडलं. ही लढाई आपल्याच माणसांशी. हॉटेल जळालं, तो निसटला, महिना संपायच्या आत पकडला गेला. सहा वर्षांत एकाच रस्त्यावरच्या दोन हॉटेलांत वेढा सोसणारा गोली जगात दुसरा नसेल.

बसचं एक सांगून ठेवतो. डब्लिनच्या बसमध्ये रोख भाडं सुट्ट्या नाण्यांत, बरोबर मोजून द्यावं लागतं. नोट घेत नाहीत, उरलेले पैसे हातात देत नाहीत. लीप कार्ड घ्या. पर्यटकांसाठी एक, तीन, सात दिवसांचं मिळतं, बस, ट्राम, लोकल सगळीकडे चालतं.

तिसरा दिवस, गुरुवार

हिचा गुरुवार, म्हणजे दत्ताचा उपवास. आणि पावसाने धरलेलं. लिफी नदीच्या काठाने कस्टम हाउसपर्यंत चालत गेलो तेवढंच.

इमारत १७९१ ची, जेम्स गँडन नावाच्या स्थापत्यकाराची. पलीकडच्या काठावरून बघा, कारण घुमटाचा रंग खालच्या इमारतीपेक्षा काळपट दिसतो. खालचा दगड इंग्लंडहून आणलेला, वरचा नंतर आयरिश खाणीतला. मधल्या फरकाचं कारण आमचा गोली. २५ मे १९२१ रोजी त्याच्या ब्रिगेडने भरदिवसा ही कचेरी पेटवली, कारण ब्रिटिशांच्या स्थानिक कारभाराची दफ्तरं इथे होती. दफ्तर जळालं, तसं त्याचं मनुष्यबळही गेलं. पाच जण ठार आणि बाकीचे ढिगाने पकडले गेले. दीड महिन्यात युद्धविराम झाला. हल्ला फसला की साधला, यावर तिथे अजून वाद घालतात.

मला मात्र, खरं सांगतो, जळणाऱ्या फायलींचं वाईट वाटलं. कारकुनाची जात. एक रजिस्टर सापडेना तर आम्ही तीन दिवस कपाटं उपसायचो. पण मजा बघा, याच माणसाने संरक्षणमंत्री असताना १९४७ मध्ये लष्करी इतिहासाची कचेरी काढली आणि लढ्यातल्या जुन्या माणसांच्या साक्षी लिहून घ्यायला लावल्या. एकूण १,७७३ साक्षी. काल सांगितलेल्या वितळलेल्या काचा त्यातल्याच. दफ्तर जाळणाऱ्याने दफ्तर उभं केलं, हे मला त्याच्या बंदुकीपेक्षा जास्त आवडलं.

छत्री लिफीवरच्या पुलावर गेली. हिला उपवासाचं काय मिळणार, अशी काळजी होती. एका छोट्या चहाच्या दुकानात उकडलेला बटाटा, लोणी आणि मीठ मागितलं तर मालकीणबाईंनी काही न विचारता मोठा, सालीसकट भाजलेला बटाटा आणून ठेवला. बटाट्याच्या देशात उपवासाची चिंता करू नये. चहाही आपल्यासारखा, कडक आणि दूध घालून. फक्त साखर मागावी लागते.

चौथा दिवस, शुक्रवार : बेल्फास्ट

आधी व्हिसाचं, कारण यात लोक अडकतात. बेल्फास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये. आपल्या पासपोर्टवरच्या आयर्लंडच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (BIVS, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडची संयुक्त व्हिसा योजना) अशी अक्षरं असतील तर त्याच व्हिसावर जाता येतं, मात्र पहिला प्रवेश आयर्लंडमधूनच झालेला हवा. अक्षरं नसतील तर जाऊ नका. सीमेवर कुणी विचारत नाही म्हणून चालेल, असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

कॉनॉली स्टेशनवरून सकाळची गाडी, दोन तासांच्या वर थोडं. सीमा कधी गेली कळलंच नाही. मोबाइलने मेसेज दिला तेव्हा समजलं. त्या दिवसांत डब्यात एकच विषय, ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं. समोरच्या आजोबांना मी विचारलं, सीमा कुठे आहे? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “गेलीसुद्धा. ती अशीच राहू दे.”

बेल्फास्टला उतरलो आणि पहिल्याच चौकात टपालपेटी दिसली. लाल! दोन तासांच्या अंतरावर तोच घाट, तोच मुकुट, फक्त वरून हिरवा रंग दिलेला नाही. डब्लिनच्या पेट्या शंभर वर्षांपूर्वी कशा दिसत असतील ते डोळ्यांनी बघायला मिळालं.

आणि इथे मी ती चूक केली. बापूचं कार्ड खिशातून काढलं, घाईघाईने दोन ओळी लिहिल्या, ‘बापू, तुझ्यापेक्षा मोठा गोली सापडला’, आणि टाकलं पेटीत. कार्ड आत पडल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी अंगाला घाम फुटला. तिकीट आयर्लंडचं, पेटी ब्रिटनची! छत्तीस वर्षं लोकांना नॉटपेडचा, म्हणजे बिनतिकिटाच्या टपालाचा, दुप्पट आकार लावणारा मी, दुसऱ्या देशाचं तिकीट लावून कार्ड टाकलं. पेटीच्या फटीतून आत बघायचा प्रयत्न केला. ही आधी गंभीर होती, मग तोंडाला पदर लावून जी हसायला लागली ती चौक संपेपर्यंत. डब्लिनची तिकिटं बेल्फास्टला चालत नाहीत, युरोही सगळीकडे चालत नाहीत, पौंड जवळ ठेवा. हे मी अनुभवातून सांगतोय.

बेल्फास्ट सेल्टिकचं मैदान आता नाही. डोनेगॉल रोडवर त्या जागी खरेदीचं संकुल आहे, आणि त्यातल्या एका गाळ्यात क्लबचं छोटंसं संग्रहालय. लोक त्या मैदानाला ‘पॅराडाइज’ म्हणायचे. आता तिथे गाड्या उभ्या असतात. क्लब १८९१ चा. हिरवे-पांढरे पट्टे, पाठीराखे मुख्यतः कॅथलिक, पण संघात दोन्ही धर्मांचे खेळाडू. १९४८ च्या नाताळात कट्टर प्रतिस्पर्धी लिनफिल्डविरुद्धचा सामना संपताच गर्दी मैदानात घुसली आणि सेल्टिकच्या जिमी जोन्सचा पाय मोडला. जोन्स स्वतः प्रोटेस्टंट. त्या मोसमाअखेर क्लबने लीगच सोडली. जाता जाता १९४९ मध्ये अमेरिका दौऱ्यात स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाला हरवलं, आणि मग पडदा.

गाळ्यात माझ्याच वयाचे दोघं बसले होते. पगारी नव्हेत, हौसेने येणारे. मी ट्रेनॉरचं नाव काढल्यावर एकाने भुवया वर केल्या. “त्याच्यासाठी कुणी येत नाही. सगळे जोन्ससाठी येतात.” मग त्यांनी मला बाहेर नेलं आणि गाड्यांच्या रांगांवर हात फिरवत खांब कुठे असावेत ते दाखवलं. तिथे उभं राहून एक गोष्ट सांगितली जी मला ठाऊक नव्हती. फेब्रुवारी १९१२ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याच्या बाजूने भाषण करायला विन्स्टन चर्चिल बेल्फास्टला आला. विरोधकांमुळे शहरातलं मोठं सभागृह मिळेना, तेव्हा सभा झाली ती या मैदानावर. ट्रेनॉर सेल्टिकमध्ये होता तो हाच काळ. चार वर्षांनी तो पोस्टाशेजारच्या हॉटेलात ब्रिटिश फौजेवर गोळ्या झाडत होता.

दुपारी त्या दोघांनी सांगितलेल्या खाणावळीत ‘अल्स्टर फ्राय’ खाल्लं. अंडी, बेकन, सॉसेज आणि तव्यावर तळलेल्या दोन प्रकारच्या भाकऱ्या, त्यातली एक बटाट्याची. हिच्यासाठी फक्त भाकऱ्या आणि अंडी. वर पिशवीतली चटणी. वाढणाऱ्या पोराने चटणी बोटाने चाखली आणि पाण्याचा ग्लास संपवूनच पुढच्या टेबलाकडे गेला.

पाचवा दिवस, शनिवार : डेलीमाउंट

हा दिवस मी मुद्दाम राखून ठेवला होता.

डेलीमाउंट पार्क हे बोहेमियन्स क्लबचं घर, फिब्सबरो भागात, घरांच्या मागच्या भिंतींमध्ये दडलेलं. रस्त्यावरून जाताना कळतही नाही. दिव्यांचे मनोरे वर दिसतात, त्यांच्या रोखाने बोळातून आत जायचं. क्लब १८९० मध्ये फिनिक्स पार्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या घरात स्थापन झाला. काढला कुणी? त्यातले बरेच सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतल्या पोरांनी कंटाळून क्लब काढावा तसं. पैसे घेऊन खेळायचं नाही, हा नियम त्यांनी १९६९ पर्यंत पाळला. दिवसभर कचेरीत कारकुनी आणि शनिवारी मैदान. पेठेतला आमचा निम्मा संघ असाच होता, कुणी पोस्टात, कुणी एसटीत, कुणी महापालिकेत. हे मैदान त्यांनी १९०१ पासून वापरात आणलं, आणि पुढे कित्येक दशकं देशाचे सामने इथेच झाले.

फाटक अर्धं उघडं होतं. आत सत्तरीचा एक माणूस कठड्याला काळा रंग देत होता. क्लब सभासदांच्याच मालकीचा आहे, त्यामुळे अशी कामं सभासदच करतात. कुठून आलात, खेळला आहात का? मी म्हटलं, गोली होतो, दुसरा. तो म्हणाला, “दुसरा गोली म्हणजे सामन्याची सगळ्यात चांगली जागा, तीही फुकट.” मग त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि आम्हाला आत घेतलं.

तिथे पायऱ्यांवर बसून ऐकलेलं सांगतो, पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी. आयर्लंडमध्ये गेलिक, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या देशी खेळांची एक बलाढ्य संघटना आहे आणि तिचा एक नियम होता. सभासदाने फुटबॉल, रग्बी, क्रिकेट असले ‘परदेशी’ खेळ खेळायचे नाहीत, बघायचेही नाहीत. हा नियम १९७१ पर्यंत होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये देशाचे राष्ट्रपती डग्लस हाइड या डेलीमाउंटवर आयर्लंड-पोलंड सामना बघायला आले. हाइड म्हणजे आयरिश भाषेसाठी जन्म वेचलेला माणूस, आणि त्या संघटनेचा आश्रयदाता. संघटनेने त्यांना काढून टाकलं! खुद्द राष्ट्रपतींना, एक मॅच बघितली म्हणून. त्या दिवशी त्यांच्यासोबत पंतप्रधान डी व्हलेरा होते, आणि टपालमंत्री ऑस्कर ट्रेनॉरही.

ट्रेनॉरला हे परदेशी-स्वदेशी कधी पटलं नाही. फुटबॉल हा केल्टिक लोकांचाच खेळ, त्याची मुळं स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आहेत, असं तो म्हणायचा. इतिहास म्हणून त्यात किती दम आहे ते सोडा. इंग्रजांविरुद्ध बंदूक उचललेल्या, तुरुंग भोगलेल्या माणसाला ‘तू साहेबाचा खेळ खेळतोस’ असं ऐकवायचं धाडस कुणी करावं, याचंच मला नवल वाटतं. कोल्हापुरात हा प्रश्नच कुणी काढला नाही. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले आणि लाल मातीतला पोरगा संध्याकाळी बूट बांधून मैदानात उतरला.

आता पायऱ्यांवरची गोष्ट. ऑक्टोबर १९५५, आयर्लंड विरुद्ध युगोस्लाव्हिया. तिथे साम्यवादी टिटोची राजवट, तिने झाग्रेबच्या आर्चबिशपला, म्हणजे तिथल्या बड्या कॅथलिक धर्मगुरूला, तुरुंगात टाकलेलं. म्हणून डब्लिनच्या आर्चबिशप मॅक्वेड यांनी सांगितलं, हा सामना होऊ नये. त्या काळच्या आयर्लंडमध्ये आर्चबिशपने नको म्हणणं म्हणजे काय, ते आपल्याला कळणं कठीण. राष्ट्रपती आले नाहीत, लष्कराचा बँड आला नाही, रेडिओचा समालोचक आला नाही. फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष मात्र आला आणि पाहुण्या संघाचं स्वागत करून आपल्या जागेवर बसला. अध्यक्ष ट्रेनॉर. स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. वीस हजारांवर लोक आले.

“त्यातले एक माझे वडील,” रंगारी म्हणाला. “पोस्टमन होते, याच भागात वाटप. आईला सांगितलं, ओव्हरटाइम आहे. खात्याची टोपी पिशवीत घातली आणि पायऱ्यांवर उभे राहिले. आयर्लंड ४-१ ने हरलं. घरी आले तर आईने विचारलं, किती वाजले? वडील म्हणाले, चार-एक. तिला कळायचं ते कळलं.”

आम्ही हसलो, पण तो पुढे म्हणाला, “तीन आठवडे बोलली नाही. रविवारी चर्चला वेगळ्या बाकावर बसायची.” मग उठला, वाळत आलेला ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुचकळला. मैदानाच्या भिंतीवर बॉब मार्लीचं चित्र आहे. त्याने १९८० मध्ये इथे कार्यक्रम केला होता. तिथे त्याने आमचा दोघांचा फोटो काढला. रंगाचं एक काळं बोट मोबाइलवर राहिलं, ते मी अजून पुसलेलं नाही.

बाहेर कोपऱ्यावर ‘करी चिप्स’ खाल्ले. बटाट्याच्या जाड फोडींवर पिवळसर गोड रस्सा. हिने एक घास घेतला आणि म्हणाली, “ह्याला करी म्हणायचं होय?” पण थंडीत, हातात गरम डबी धरून, बरं लागतं. सामना बघायचा असेल तर फेब्रुवारी ते ऑक्टोबर मोसम असतो, बहुतेक शुक्रवारी रात्री. तिकीट आधीच काढा.

सहावा दिवस, रविवार

शेवटी त्या पाटीकडे. कूलॉक हा उत्तर डब्लिनमधला कामगार वस्तीचा भाग, पर्यटक फिरकत नाहीत. रस्ता अगदी साधा. एकसारखी घरं, कुंपणं, ट्रॉली ढकलणारी माणसं. पाटीखाली फोटो काढून घेतला. दुकानातल्या मुलीला विचारलं, हा ट्रेनॉर कोण? ती म्हणाली, “फुटबॉलचा कुणीतरी. त्याच्या नावाचा कप असतो ना.” दुकानातल्या आजी म्हणाल्या, “नाही गं, तो मंत्री होता.” आणि एक गृहस्थ म्हणाले, “दोन्ही चूक. तो ब्रिगेडचा.” तिघं आपसात बोलायला लागले, तेव्हा मी दूध घेऊन निघालो.

जवळच्या मैदानावर दहा-अकरा वर्षांच्या पोरांचा सामना चालू होता. मी सवयीने गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो. गोली पोरगा बारका, हातमोजे कोपरापर्यंत आलेले. पहिल्या दहा मिनिटांत दोन खाल्ले. बाजूला त्याचा बाप, काही न बोलता. मी तिसऱ्या वेळी न राहवून ओरडलो, “पुढं ये, पुढं ये!” मराठीत. पोराने मागे वळून बघितलं, काय कळलं देव जाणे, पण पुढे आला आणि चेंडू पायाने उडवला. बापाने मला अंगठा दाखवला. मग पाऊस आला. सामना कुणी थांबवला नाही. आम्हीही थांबलो, जाकिटाची टोपी ओढून.

पोस्ट ऑफिसात टाकलेली नऊ कार्डं कोल्हापुरात बाराव्या दिवशी पोहोचली, शिक्का जसाच्या तसा, एक अक्षर फिसकटलेलं नाही. बापूचं बेल्फास्टचं कार्ड अजून आलेलं नाही. बापू रोज चहाला आला की विचारतो, मोठा गोली कोण सापडला ते तोंडी सांग की. मी सांगत नाही, कार्डात वाच म्हणतो. आमच्या बीटचा पोस्टमन मला कोपऱ्यावर बघितलं की आता सायकलवरूनच मान हलवतो.